वायू आहे तोवरच : ग्रहमाला कशी जमते आणि कशी विस्कटते

२०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने देशादेशांना एकेक तारा आणि त्याचा ग्रह नाव ठेवायला दिला. भारताच्या वाट्याला एचडी ८६०८१ हा तारा आला. त्याचे बारसे ‘बिभा’ असे झाले. वैश्विक किरणांवर काम केलेल्या आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही काही काळ असलेल्या बिभा चौधरी यांच्यावरून हे नाव आले. ग्रहाचे नाव ‘संतमस’. ते पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने सुचवले होते.

संतमसचे वस्तुमान गुरूच्या किमान दीडपट आहे. त्यात काही नवल नाही. नवल आहे ते त्याच्या वर्षाचे. ते २ दिवस ३ तासांत संपते. आपला गुरू सूर्याभोवती एक फेरी मारायला जवळजवळ १२ वर्षे घेतो. संतमस आपल्या ताऱ्यापासून जेमतेम ५२ लाख किलोमीटरवर फिरतो, म्हणजे बुध सूर्यापासून जितका दूर आहे त्याच्या अकराव्या हिश्शावर. नवजात ताऱ्याच्या इतक्या जवळ दगडाचीही वाफ होते. तिथे एवढा अवाढव्य ग्रह घडायला लागणारा माल असतच नाही. तो दुसरीकडे घडला आणि नंतर इथे आला, असेच बहुतेक अभ्यासक मानतात.

ग्रहमालांबद्दल जे काही समजून घ्यायचे ते या ‘नंतर आला’मध्ये आहे. आणि ते समजायला धुळीपेक्षा, दगडापेक्षा वायूकडे जास्त लक्ष द्यावे लागते.

ढगाची तबकडी होते

तारे जन्मतात ते वायू आणि धुळीच्या ढगांमध्ये. हे ढग भयंकर थंड असतात, उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास. ढगाचा एखादा दाट भाग स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आत कोसळू लागतो. काही लाख वर्षांत मधोमध तारा तयार होतो. पण सगळाच माल सरळ मध्यावर पडत नाही, कारण ढगाला मुळात थोडी गिरकी असते. आकार आक्रसला की गिरकी वाढते. ज्या मालाला जास्त गिरकी आहे तो मध्यावर न पडता भोवती फिरत राहतो आणि त्याची चपटी तबकडी बनते. तिची त्रिज्या साधारण १०० खगोलीय एकके भरते (सूर्य-पृथ्वी अंतर म्हणजे १ एकक, सुमारे १५ कोटी किलोमीटर).

या तबकडीत ९९ टक्के वायू असतो, मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम. धूळ फक्त १ टक्का. पृथ्वी, मंगळ, आपली हाडे, सह्याद्रीचा काळा पाषाण, हे सगळे त्या एका टक्क्यातून आले.

आता घड्याळ. ही तबकडी कायम टिकत नाही. वेगवेगळ्या वयाच्या तारकागुच्छांत किती ताऱ्यांभोवती उबदार धूळ अवरक्त प्रकाशात चमकते ते मोजले की तबकड्यांचे आयुष्य कळते. १० लाख वर्षे वयाच्या गुच्छात बहुतेक ताऱ्यांना तबकडी असते, ३० लाखांच्या आसपास निम्म्यांना, आणि १ कोटी वर्षांच्या गुच्छात जवळपास कोणालाच नाही. काही वायू ताऱ्यावर पडतो. उरलेला ताऱ्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तापून उडून जातो. म्हणजे ज्याला गुरू व्हायचे आहे त्याने ३०-४० लाख वर्षांत व्हायचे. ताऱ्याच्या अब्जावधी वर्षांच्या आयुष्यात ही मुदत अगदीच तुटपुंजी.

धूळ चिकटते, मग अडते

सुरुवात सोपी आहे. धुळीचे कण एक सहस्रांश मिलिमीटरचे. वायूबरोबर तरंगताना ते हळूच एकमेकांना टेकतात आणि चिकटतात. इथे गुरुत्वाकर्षणाचा काही संबंध नाही. खाटेखाली धुळीचे मऊ पुंजके जमतात तीच ही गोष्ट. काही हजार वर्षांत मिलिमीटर-सेंटिमीटरचे खडे होतात.

इथून पुढे गाडे अडते, आणि दोन कारणांनी अडते.

पहिले कारण टकरीचे. खडे मोठे होतात तसे त्यांचे एकमेकांच्या तुलनेतले वेग वाढतात. पुंजके मऊ असेपर्यंत टक्कर पचते, पण टकरींनी दाबून ते घट्ट झाले की चिकटण्याऐवजी उसळी मारून लांब जातात. वेग सेकंदाला मीटरभराच्या पुढे गेला तर दगडी खडे फुटतात.

दुसरे कारण जास्त खोडकर आहे. तबकडीतला वायू मध्याजवळ दाट आणि गरम, बाहेर विरळ आणि थंड. त्यामुळे वायूचा दाब त्याला थोडा बाहेर ढकलतो, आणि ताऱ्याच्या ओढीचा काही भाग असा परस्पर फिटल्याने वायू जरा सावकाश फिरला तरी चालते. खड्यांना असा दाबाचा आधार नाही. त्यांना पूर्ण वेगाने फिरावे लागते. पृथ्वीच्या अंतरावर हा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, आणि वायू त्याहून साधारण ५० मीटर प्रति सेकंदाने मागे. खड्याच्या दृष्टीने सतत समोरून वारा. वाऱ्याविरुद्ध सायकल मारणाऱ्याची दमछाक होते तशी खड्याची ऊर्जा जाते आणि तो वळसे घेत ताऱ्याकडे घसरतो. धुळीचा कण वायूबरोबरच वाहतो, त्याला फारसा वारा लागत नाही. डोंगराएवढ्या खडकाला वारा जाणवत नाही. मार बसतो तो मधल्यांना. पृथ्वीच्या जागी असलेला मीटरभराचा धोंडा शंभर-दोनशे वर्षांत ताऱ्यात जाऊन पडतो. हा हिशोब १९७७ मध्येच मांडला गेला होता आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे ग्रह बनवू पाहणाऱ्या प्रत्येक सिद्धांताला त्याने छळले.

सुटका सापडली ती याच वाऱ्यात. खंडाळ्याच्या घाटात एक लादलेला ट्रक हळू चढायला लागला की मागची वाहने त्याला येऊन मिळतात आणि बघता बघता रांग लागते. तबकडीतही खडे एका जागी थोडे जास्त जमले की ते सगळे मिळून आसपासच्या वायूलाच आपल्याबरोबर ओढतात. तिथला समोरचा वारा कमी होतो, तो घोळका सावकाश घसरतो, आणि बाहेरून एकटे-दुकटे वेगाने घसरत आलेले खडे त्याला येऊन मिळतात. घोळका वाढतो तसा आणखी मंदावतो, आणखी खडे मिळवतो. २००५ मध्ये ही अस्थिरता गणिताने दाखवली गेली. पुढच्या संगणकीय प्रतिकृतींत असे घोळके एका मर्यादेनंतर स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने कोसळताना दिसले. त्यातून एकदम शंभर किलोमीटरच्या घरातले गोळे तयार होतात. मीटर, दहा मीटर, किलोमीटर या पायऱ्या चढायचीच गरज उरत नाही. अट एवढीच की वायूच्या तुलनेत खड्यांचे प्रमाण पुरेसे हवे. ज्या ताऱ्यांत लोहासारखी जड मूलद्रव्ये जास्त, त्यांच्याभोवती महाकाय ग्रह जास्त सापडतात, आणि त्याच्याशी हे चांगले जुळते.

याचा एक साक्षीदार आपल्या घरातच आहे. नेपच्यूनच्या पलीकडचा ॲरोकॉथ. १ जानेवारी २०१९ रोजी न्यू होरायझन्स यान त्याच्या शेजारून गेले. दोन चपटे गोळे एकमेकांना टेकलेले, मिळून सुमारे ३५ किलोमीटर लांब, आणि सांध्यापाशी चेंगरल्याची खूण नाही. म्हणजे ते माणसाच्या चालण्याच्या वेगाने जवळ आले असणार. एका कोसळत्या घोळक्यातून जुळी जन्मली तरच हे असे दिसेल.

खड्यांचा वर्षाव आणि गुरूची घाई

शेकडो किलोमीटरचा गोळा झाला की त्याच्या शेजारून जाणारे खडे त्याला मिळू लागतात. वायू नसता तर यातले बहुतेक खडे वळण घेऊन निसटले असते. पण वायू त्यांचा वेग खातो आणि ते वळसे घेत गोळ्यावर पडतात. मघाशी ज्या वायूने खडे ताऱ्यात ढकलले, तोच आता ग्रहाला भरवतो आहे. या मार्गाने पृथ्वीच्या दहापट गाभा काही लाख वर्षांत तयार होऊ शकतो. फक्त मोठ्या गोळ्यांच्या टकरींवर भरवसा ठेवला तर गुरूच्या जागी याला कोटभर वर्षे लागतील आणि तोवर वायू संपलेला असेल.

जागाही महत्त्वाची. पाण्याचे बर्फ टिकते ती सीमा म्हणजे हिमरेषा. तरुण सूर्याभोवती ती साधारण २.७ एककांवर, मंगळ आणि गुरूच्या मध्ये होती असे मानतात. तिच्या बाहेर दगडाबरोबर बर्फही घन माल म्हणून मिळतो, त्यामुळे मोठे गाभे तिथे बनतात.

गाभा पृथ्वीच्या दहापटीजवळ पोचला की तो भोवतालचा वायू धरून ठेवतो. सुरुवातीला हे काम रेंगाळते, कारण पडणारा वायू तापतो, फुगतो, आणि निवल्याशिवाय नव्या वायूला जागा देत नाही. पण वायूच्या वेष्टणाचे वजन गाभ्याएवढे झाले की बांध फुटतो. मग काही हजार ते लाखभर वर्षांत ग्रह शेकडो पृथ्वींएवढा होतो. गुरू ३१८ पृथ्वींचा आहे. युरेनस १४.५ आणि नेपच्यून १७ पृथ्वींचे, आणि त्यांच्यात हायड्रोजन-हेलियमचा वाटा फार थोडा. त्यांचे गाभे तयार होते. पण जेवायला बसले आणि पंगत उठली.

वाढत्या गाभ्याने आणखी एक गोष्ट होते. वीसेक पृथ्वींचा झाला की तो आपल्या कक्षेच्या थोडे बाहेर वायूच्या दाबाचा एक बांध तयार करतो. बाहेरून घसरत येणारे खडे त्या बांधाशी अडतात आणि कड्यासारखे जमतात. २०१४ मध्ये चिलीच्या अटाकामा वाळवंटातल्या आल्मा दुर्बिणीने एचएल टॉरी या सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याचे चित्र घेतले, त्यात तबकडीभर अशी कडी आणि फटी दिसल्या. तारा १० लाख वर्षांचाही नसेल. ग्रह इतक्या लवकर तयार होतात यावर तोवर अनेकांचा विश्वास नव्हता. मात्र प्रत्येक फटीत ग्रह असतोच असे धरून चालणे चूक. दाबाचे बांध इतर कारणांनीही पडतात. खात्रीचे उदाहरण हवे तर पीडीएस ७० पाहावे. सुमारे ३७० प्रकाशवर्षे दूर, वय अंदाजे ५० लाख वर्षे. त्याच्या तबकडीच्या रिकाम्या भागात दोन ग्रह थेट छायाचित्रात दिसले आहेत, त्यांच्यावर पडणाऱ्या हायड्रोजनची लाल चमकही दिसली आहे, आणि २०२१ मध्ये बाहेरच्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडी सापडली. चंद्र बनतात ते अशाच तबकडीत.

आपल्या गुरूनेही असाच बांध घातला असावा. अशनींच्या दगडांत मॉलिब्डेनम आणि टंगस्टनची समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजली तर अशनींचे दोन स्पष्ट गट पडतात, आणि दोन्ही गट २०-३० लाख वर्षे एकाच वेळी, पण न मिसळता घडत होते. मधे कोणीतरी उभे होते. २०१७ मध्ये या मोजणीवरून अनुमान निघाले की सूर्यमाला जन्मल्यावर १० लाख वर्षांच्या आतच गुरूचा गाभा वीस पृथ्वींएवढा झाला होता.

एक आडवाट सांगायला हवी. तबकडी फार वजनदार आणि थंड असेल तर तिचा बाहेरचा तुकडा गाभ्याविनाच थेट कोसळून महाकाय ग्रह बनू शकतो. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवती दूरदूर चार महाकाय ग्रह छायाचित्रांत दिसतात. अशा ठिकाणी या वाटेचा विचार होतो. बहुतेक ग्रहांसाठी मात्र गाभ्याचाच मार्ग खरा धरला जातो.

ग्रह जागा सोडतो

आता संतमसकडे. वायूत बुडालेला ग्रह तबकडीत सर्पिल लाटा उठवतो. या लाटा ग्रहाला एकमेकींच्या विरुद्ध दिशांना ओढतात: आतली लाट पुढे, बाहेरची मागे. बहुधा मागची ओढ जिंकते आणि ग्रह आत सरकतो. जड ग्रह लवकर सरकतो. दहा पृथ्वींच्या गाभ्याला ताऱ्यापाशी यायला लाखभर वर्षे पुरतात. म्हणजे घडायला लागणाऱ्या वेळाहून कमी! प्रतिकृतींमध्ये ग्रह वाचवणे हेच वर्षानुवर्षे मोठे काम होते. गुरूएवढा ग्रह वायूत फट पाडतो आणि मग तबकडीबरोबर सावकाश सरकतो, तेव्हा त्याला थोडी उसंत मिळते.

थांबायला जागा असते. तरुण ताऱ्याचे चुंबकीय क्षेत्र अगदी आतला वायू साफ करते. साधारण ०.०५ एककावर तबकडीची आतली कड येते आणि तिथे ग्रह टेकतो. मागून येणारे ग्रह पुढच्यामागे उभे राहतात, आणि त्यांच्या फेऱ्यांची साधी गुणोत्तरे जुळतात: आतल्याच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा बाहेरच्याच्या दोन. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो तालात राहतो, तसे हे ग्रह एकमेकांना तालात धरतात. यालाच अनुनाद म्हणतात. ट्रॅपिस्ट-१ या ४० प्रकाशवर्षे दूरच्या लहानशा ताऱ्याचे सातही ग्रह अशा साखळीत आहेत. सर्वांत आतल्याचे वर्ष दीड दिवसाचे, बाहेरच्याचे पावणेएकोणीस दिवसांचे. एचडी ११००६७ ची सहा ग्रहांची साखळी २०२३ मध्ये उलगडली ती तर या तालावरच: आतल्या ग्रहांचा ठेका ओळखून बाहेरच्यांचे काळ गणिताने काढले गेले. तिथे सर्वांत आतल्याच्या सहा फेऱ्यांत बाहेरच्याची एक फेरी होते.

अशा साखळ्या म्हणजे ग्रह वायूतून शांतपणे सरकत आल्याचा दाखला. फक्त त्या फार थोड्या ग्रहमालांत टिकतात. तरुण ग्रहमालांत त्या पुष्कळ दिसतात, वयस्करांत क्वचित.

वायू गेल्यावर

वायू होता तोवर तो कक्षा गोल ठेवत होता, धसमुसळेपणा जिरवत होता. तो गेला की ग्रहांना आवरणारे कोणी नाही. एकमेकांच्या ओढीने कक्षा हळूहळू लांबट होतात, एकमेकींना छेदतात, आणि मग एक तर टक्कर होते, नाहीतर कोणीतरी भिरकावले जाते. आपल्याकडे पृथ्वी अशाच टकरींतून ३ ते १० कोटी वर्षांत पूर्ण झाली. मंगळाएवढ्या एका गोळ्याच्या धडकेतून चंद्र झाला, असे मानतात. स्वतः मंगळ मात्र वायू असतानाच जवळजवळ आजच्याएवढा झालेला आणि पुढे न वाढलेला गोळा दिसतो.

संतमससारखा ‘तप्त गुरू’ व्हायला म्हणूनच दुसराही रस्ता आहे. शेजारी महाकाय ग्रहाशी झटापट झाली किंवा दूर कुठे तिरक्या कक्षेत एखादा सोबती तारा असला, तर ग्रहाची कक्षा काकडीसारखी लांबट होते. एचडी ८०६०६ चा ग्रह या वाटेवर अर्ध्यात सापडला आहे: वर्ष १११ दिवसांचे, पण कक्षा इतकी लांबट की एका टोकाला तो ०.८८ एककावर आणि दुसऱ्या टोकाला ०.०३ वर. दर वेळी ताऱ्याजवळून जाताना भरती-ओहोटीच्या बलाने ग्रह पिळवटतो, ऊर्जा उष्णता होऊन जाते, आणि कक्षा आक्रसत गोल होते. काही तप्त गुरू ताऱ्याच्या गिरकीच्या उलट दिशेने फिरतात, आणि बहुतेकांना जवळचा शेजारी नसतो. शांतपणे सरकत आलेल्याची ही लक्षणे नव्हेत. संतमसची कक्षा आज जवळजवळ गोल आहे, आणि गोल कक्षा कोणत्याही वाटेने मिळते. पंचाईत ती हीच.

लहान ग्रहांची दशा वेगळी. केप्लर दुर्बिणीने (२००९ ते २०१८) दाखवले की पृथ्वी आणि नेपच्यून यांच्या मधल्या आकाराचे ग्रह सर्वांत सामान्य आहेत. आपल्या सूर्यमालेत असा एकही नाही! त्यांतही पृथ्वीच्या दीड ते दोनपट त्रिज्येचे ग्रह फार कमी, जणू मधे दरी. कारण वायूचे पातळ वेष्टण. ग्रहाच्या वजनाच्या १ टक्का हायड्रोजन असला तरी त्रिज्या जवळपास दुप्पट होते. ताऱ्याच्या क्ष-किरणांनी किंवा गाभ्याच्याच उष्णतेने हे वेष्टण उडून गेले की ग्रह दरीच्या अलीकडे उघडा दगड म्हणून उरतो. टिकले तर पलीकडे फुगलेला राहतो.

जाळ्याची भोके

हे वाचून आकाश तप्त गुरूंनी भरले आहे असे वाटेल. तसे नाही. सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी सुमारे १ टक्क्याकडेच ते आहेत. ते आधी सापडतात, कारण आपली जाळी त्यांच्यासाठीच विणल्यासारखी आहे. ग्रह ताऱ्याला हलवतो ते वर्णपटात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून, मोजायचे, ही एक रीत. गुरू सूर्याला सेकंदाला १२.५ मीटरने हलवतो आणि पूर्ण हेलकावा पाहायला १२ वर्षे लागतात. पृथ्वी फक्त ९ सेंटिमीटरने. १९९५ मध्ये मिशेल मेयर आणि दिदिए केलो या खगोलशास्त्रज्ञांना सापडलेला ५१ पेगासी या ताऱ्याचा ग्रह ताऱ्याला ५६ मीटरने हलवत होता आणि तेही दर सव्वाचार दिवसांनी. दुसरी रीत ग्रह ताऱ्यासमोरून जाताना पडणारी सावली मोजण्याची. गुरूने सूर्याचा प्रकाश १ टक्का घटतो, पृथ्वीने टक्क्याचाही शंभरावा भाग नाही. शिवाय कक्षा आपल्या दृष्टिरेषेत हवी. पृथ्वीसारख्या कक्षेसाठी ही शक्यता दोनशेत एक. अबू पर्वतावरच्या ‘पारस’ वर्णपटमापकाने अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेला २०१८ मध्ये पृथ्वीच्या सुमारे २७ पट वस्तुमानाचा ग्रह जोखता आला. त्याचेही वर्ष वीस दिवसांच्या आतले. तेव्हा ‘आपली सूर्यमाला जगावेगळी’ असे कोणी छातीठोकपणे म्हणाले तर आधी विचारावे, दुसरी सूर्यमाला दूर असती तर या जाळ्यात सापडली असती का.

म्हातारपण

तप्त गुरूंचे आयुष्य सुरक्षित नाही. वास्प-१२ च्या ग्रहाचे वर्ष २६ तासांचे आहे आणि ते दरवर्षी सुमारे २९ सहस्रांश सेकंदाने कमी होत आहे. साधारण ३० लाख वर्षांत तो ताऱ्यात जाईल. सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून तांबडा राक्षसी तारा होतो आणि आतले ग्रह गिळतो. आपल्याकडे बुध आणि शुक्र नक्की जाणार. नंतर तारा वस्तुमान गमावतो, बाहेरच्या ग्रहांच्या कक्षा रुंदावतात, जुनी शांतता पुन्हा बिघडते, आणि काही लघुग्रह ताऱ्याच्या उरलेल्या, पृथ्वीएवढ्या आकाराच्या गाभ्याच्या, म्हणजे श्वेत बटूच्या, फार जवळ जाऊन फाटतात. २०१५ मध्ये डब्ल्यूडी ११४५+०१७ या श्वेत बटूभोवती साडेचार तासांच्या कक्षेत असे फुटणारे तुकडे सापडले.

श्वेत बटूच्या पृष्ठभागावर पडलेले जड मूलद्रव्य लवकरच आत बुडते. म्हणून एखाद्या जुन्या श्वेत बटूच्या वर्णपटात लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम दिसले तर तिथे अलीकडेच दगड पडला आहे. निदान चौथा हिस्सा श्वेत बटूंवर असे डाग आहेत, आणि त्या डागांतून फुटलेल्या ग्रहांची मूलद्रव्ये मोजता येतात, जी जिवंत ग्रहाच्या पोटात शिरून मोजता येत नाहीत. १९१७ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत व्हॅन मानेनच्या ताऱ्याचा वर्णपट काचेवर घेतला गेला, त्यात कॅल्शियमच्या रेषा होत्या. दुसऱ्या ग्रहमालेचा पहिला पुरावा तोच. कोणाच्या लक्षात आला नाही, आणि ती काच जवळजवळ शंभर वर्षे दप्तरात पडून होती.